बी.ए. एलएल.बी. बद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की माझा फोन सुरू होतो. कोणाची भाची, कोणाच्या शेजाऱ्यांचा मुलगा, कोणी थेट व्हॉट्सॲपवर "ताई, आर्ट्स घेऊन वकील होता येतं का?" मी स्वतः हा पाच वर्षांचा कोर्स केलाय आणि आता तालुका कोर्टात प्रॅक्टिस करते, त्यामुळे उत्तर द्यायला आवडतं, पण प्रश्न बरेचसे तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. ॲडमिशनचे नियम मधेमधे बदलतात, त्यामुळे फॉर्म भरताना त्या वर्षीचं सीईटी सेलचं (राज्याची प्रवेश परीक्षा घेणारं सरकारी कार्यालय) माहितीपत्रक स्वतः वाचाच.

१. बी.ए. एलएल.बी. म्हणजे नक्की काय? एक डिग्री की दोन?

दोन डिग्र्या, पण कोर्स एकच. बारावीनंतर पाच वर्षं, दहा सेमिस्टर. सुरुवातीला राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास असे विषय जास्त असतात आणि लॉचे कमी, मग हळूहळू लॉ वाढत जातो आणि शेवटची दोन वर्षं जवळपास लॉच असतो. बंगळुरूचं नॅशनल लॉ स्कूल १९८७ मध्ये स्थापन झालं आणि तिथल्या पाच वर्षांच्या कोर्समुळे हा नमुना देशभर रुजला. आपल्याकडे जुन्या वकिलांच्या पाटीवर बी.एस.एल. किंवा बी.एल.एस. दिसतं, ते याच पाच वर्षांच्या कोर्सचं पुण्यातलं आणि मुंबईतलं नाव.

२. बारावीला आर्ट्सच पाहिजे का? किती टक्के लागतात?

कुठलीही साइड चालते. माझ्या वर्गात सायन्सवाले भरपूर होते. बार कौन्सिलच्या (वकिलीवर आणि लॉच्या शिक्षणावर देखरेख ठेवणारी संस्था) नियमाप्रमाणे बारावीला ओपनला ४५ टक्के, ओबीसीला ४२ आणि एससी-एसटीला ४० टक्के लागतात. एक गोष्ट मात्र नीट बघा, दहावी-बारावी न करता मुक्त विद्यापीठातून डायरेक्ट घेतलेली डिग्री लॉच्या ॲडमिशनला चालत नाही. रीतसर बारावी करून मग डिस्टन्सने बीए केलं असेल तर तीन वर्षांच्या एलएल.बी.ला अडचण येत नाही. तो रस्ता कसा आहे ते पुढच्या प्रश्नात.

३. आधी साधं बीए आणि मग तीन वर्षांचं लॉ, हे बरं नाही का?

हिशोब सोपा आहे, ३ अधिक ३ म्हणजे सहा, आणि इकडे पाच. पण एका वर्षासाठी निर्णय घेऊ नका. सतराव्या-अठराव्या वर्षी लॉच करायचंय हे ज्याला नक्की माहितीये त्याने पाच वर्षांचा घ्यावा. ज्याला खरंच साहित्य किंवा इतिहास खोलात जाऊन शिकायचाय त्याने साधं बीए करावं, कारण एकत्रित कोर्समध्ये इतिहासाचे मोजकेच पेपर वाट्याला येतात, तीन वर्षांच्या बीएची खोली त्यात येत नाही. आणि ज्याला अजून काहीच ठरवता येत नाहीये त्यानेही बीएच करावं, कारण हा कोर्स मधेच सोडणं महागात पडतं (प्रश्न १२ बघा).

४. पहिली दोन वर्षं समाजशास्त्र, इतिहास असलं सगळं असतं म्हणे. मग लॉ कधी सुरू होणार? तो टाइमपासच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचंच उत्तर मला सगळ्यात जास्त पोटतिडकीने द्यावंसं वाटतं. नाही, टाइमपास नाही.

एक उदाहरण देते. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ९. नवरा किंवा बायको कारण नसताना सोडून राहिली तर दुसऱ्याला कोर्टात जाऊन "नांदायला यावं" असा हुकूम मागता येतो. लॉच्या वर्गात हे कलम दहा मिनिटांत संपतं. पण त्याच्या आधी इतिहासाच्या तासाला आमच्या मॅडमनी रखमाबाईंचा खटला शिकवला होता. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लागलं, त्या नांदायला गेल्या नाहीत, आणि १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी मुंबई हायकोर्टात गेला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्याचा दावा फेटाळला, म्हणाले की अशी जबरदस्ती हिंदू शास्त्रात नाही, ही इंग्लंडातल्या कायद्यातून आलेली गोष्ट आहे. अपील झालं, केस परत आली आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या तुरुंग पत्करेन. टिळकांनी केसरीतून त्यांच्या विरोधात लिहिलं. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या, आणि १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा येऊन मुलींचं शरीरसंबंधाला संमतीचं वय १० वरून १२ झालं त्याच्या मागे या खटल्याचा गदारोळ होता.

आता हे माहीत असलेल्या मुलीने कलम ९ वाचलं आणि माहीत नसलेल्या मुलीने वाचलं, तर दोघींना एकच दोन ओळी दिसतात पण एकीला त्यात दीडशे वर्षांचं भांडण दिसतं. माझ्याकडे आज कलम ९ ची नोटीस घेऊन एखादी बाई येते तेव्हा पहिल्यांदा मला तो इतिहासाचा तास आठवतो, आणि मग मी तिला विचारते की तू का निघून आलीस, ते सांग आधी. कारण सगळी केस तिथेच असते.

त्यामुळे पहिल्या दोन वर्षांचे पेपर गाइड वाचून काढू नका, प्लीज.

५. मेजर-मायनर म्हणजे काय आणि कोणता विषय घ्यावा?

एक विषय मेजर असतो, म्हणजे त्याचे पेपर जास्त, आणि दोन मायनर, त्यांचे कमी. प्रत्येक कॉलेजात सगळे पर्याय नसतात, बऱ्याच ठिकाणी राज्यशास्त्र ठरलेलंच असतं, त्यामुळे ॲडमिशनच्या आधी चौकशी करा. राज्यशास्त्र संविधानाला थेट उपयोगी. अर्थशास्त्राला मुलं घाबरतात पण टॅक्स, कंपनी लॉ, कामगार कायदे, सगळीकडे ते लागतं. समाजशास्त्राशिवाय फौजदारी आणि कौटुंबिक कायदा कोरडा राहतो.

मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांची केस, ऑल्गा टेलिस, १९८५, ही तर तिन्ही विषयांची आहे. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं, आणि तरीही शेवटी झोपड्या हटवायला मनाई केली नाही, फक्त पावसाळा संपल्यावर हटवा म्हणून सांगितलं. माणसं गाव सोडून फुटपाथवर का येतात हे न कळता त्या निकालावर चांगलं उत्तर लिहून दाखवा, अवघड आहे.

६. सीईटी द्यायची की क्लॅट?

जमलं तर दोन्ही. राज्याची सीईटी दिली की महाराष्ट्रातली सरकारी, अनुदानित आणि खाजगी लॉ कॉलेजेस मिळतात, त्यात १८५५ पासूनचं मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज आलं आणि १९२४ पासूनचं पुण्याचं आयएलएस पण. क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, तिने राष्ट्रीय विधी विद्यापीठं मिळतात, आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत.

दोन्हीत आता १२० प्रश्न आणि दोन तास असतात, पण स्वभाव वेगळा. क्लॅट फक्त इंग्रजीत, मोठमोठे उतारे, आणि चुकीच्या उत्तराला ०.२५ मार्क जातात. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही आणि पेपर मराठीतूनही बघता येतो (इंग्रजीचा भाग अर्थातच इंग्रजीत). निगेटिव्ह नाही म्हणजे एकही प्रश्न सोडायचा नाही, हे सांगूनसुद्धा दरवर्षी मुलं प्रश्न कोरे ठेवून येतात.

७. माझं सगळं शिक्षण मराठी मिडियममध्ये झालंय. इंग्रजी झेपेल का?

झेपेल, पण पहिलं वर्ष त्रास होईल. मी पण मराठी मिडियमची. पहिलं जजमेंट वाचायला मला आख्खी रात्र लागली आणि तरी सकाळी कोण जिंकलं ते सांगता येईना. मग एका सिनियरने सांगितलं तसं एक दोनशे पानी वही केली, डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी, पण डिक्शनरीतला मराठी शब्द लिहायचा नाही, कोर्टात चालतो तो लिहायचा. प्लेंट म्हणजे वादपत्र किंवा नुसतं दावा, रिटन स्टेटमेंट म्हणजे कैफियत, इंजंक्शन म्हणजे मनाई हुकूम, क्रॉस म्हणजे उलटतपास, डिक्री म्हणजे हुकूमनामा, प्रायमा फेसी म्हणजे सकृतदर्शनी. वर्षभरात वही भरली आणि वाचनाचा वेग आपोआप वाढला. ती वही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, ज्युनियरला देते वाचायला.

आणि मराठी येणं हे कमीपणाचं समजू नका. तालुका आणि जिल्हा कोर्टात मराठीत दावे दाखल होतात, साक्षी मराठीत होतात, आणि तिथे सुबक मराठी अर्ज लिहिणाऱ्या वकिलाला मान आहे. हायकोर्टात मात्र संविधानाच्या कलम ३४८ मुळे कामकाज इंग्रजीत. म्हणजे तुम्हाला दोन्ही लागणार आहे. परीक्षेत मराठीत उत्तरं लिहायची मुभा विद्यापीठावर असते, ते आधी विचारून घ्या.

८. खर्च किती येतो? स्कॉलरशिप मिळते का?

अनुदानित कॉलेजात वर्षाचे काही हजार, विधी विद्यापीठात आणि मोठ्या खाजगी कॉलेजात काही लाख, एवढा फरक आहे. होस्टेल, मेस आणि पुस्तकं वेगळी. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा, तिथे एससी-एसटी, ओबीसींच्या योजना आहेत आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे.

मुलींनी एक लक्षात ठेवा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं आणि ॲडमिशन कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) हवी. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर नाही मिळत. उत्पन्नाचा दाखला आणि जातपडताळणी बारावी चालू असतानाच काढून ठेवा, निकालानंतर सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

९. कॉलेजला न जाता नोकरी करत करत हा कोर्स होईल का?

कोर्स फुलटाइम आहे. प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते असा बार कौन्सिलचा नियम आहे. अगदी खास कारण असेल तर ६५ टक्क्यांवर सूट देतात, पण एकूण हजेरी तेव्हाही ७० लागतेच. सकाळचं कॉलेज असेल तर दुपारनंतर छोटं काम बरीच मुलं करतात, मी स्वतः संध्याकाळी शिकवण्या घ्यायचे. पूर्ण वेळ नोकरी मात्र जमत नाही. आणि "हजेरी आम्ही बघून घेऊ, तुम्ही फक्त परीक्षेला या" असं सांगणारं कॉलेज असेल तर तिथे पाच वर्षं घालवू नका.

१०. इंटर्नशिप कधीपासून करायची? कॉर्पोरेटमध्येच करावी का?

पाच वर्षांत मिळून कमीत कमी २० आठवडे, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही, असा नियम आहे. त्यात एकदा तरी ट्रायल कोर्टात आणि अपील चालवणाऱ्या वकिलांकडे काम व्हायला पाहिजे. एनजीओ पण चालते. पहिल्या वर्षी एनजीओ, मग तालुका किंवा जिल्हा कोर्ट, मग हायकोर्ट किंवा फर्म, हा क्रम मला सगळ्यात बरा वाटतो.

माझी पहिली कोर्टातली इंटर्नशिप वाटपाच्या दाव्यावर होती. सरांनी सातबारा हातात दिला आणि म्हणाले वाच. मला गाव नमुना ७ म्हणजे हक्काची नोंद आणि १२ म्हणजे पिकांची नोंद एवढंच पाठ होतं. दोन भावांची नावं वर, आणि खाली "इतर हक्क" मध्ये बहिणीचं नाव, त्याला कंस आणि फेरफार नंबर. फेरफार काढला तर हक्कसोडपत्र. साठी ओलांडलेली ती बहीण बाहेर बाकावर बसली होती. मी विचारलं मावशी, सही का केलीत, मुलीला तर २००५ च्या दुरुस्तीने मुलाइतकाच वाटा आहे. ती म्हणाली, "वाटा घेतला असता तर माहेर तुटलं असतं, दिवाळीला कुठं गेले असते गं?" समाजशास्त्राच्या पेपरला नातेसंबंध आणि मालमत्ता यावर मी पंधरा मार्कांचं उत्तर लिहून आले होते, ते सगळं त्या बाकावर बसलेलं होतं. कायदा बरोबर होता आणि तरी तिच्या हातात काही नव्हतं. त्या दिवसानंतर हक्कसोडपत्र समोर आलं की मी आधी सही करणाऱ्या बाईशी एकटीशी बोलते.

११. दादाची जुनी पुस्तकं आहेत घरात, ती चालतील का?

संविधान, करार कायदा, हिंदू कायदा यांची चालतील, फक्त नवीन दुरुस्त्या बघून घ्या. फौजदारीची एकटी नाही चालणार. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय. दंड संहितेच्या ५११ कलमांची न्याय संहितेत ३५८ झालीत, सगळे नंबर बदललेत. पण जुनं पुस्तक टाकू नका, त्या तारखेच्या आधीचे गुन्हे जुन्याच दंड संहितेखाली चालणार आहेत, म्हणजे ३०२ आणि १०३ दोन्ही खुनाचंच कलम आहे हे तुम्हाला अजून बरीच वर्षं लक्षात ठेवावं लागेल.

१२. तीन वर्षांनी कंटाळा आला तर निदान बी.ए. तरी मिळेल ना?

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे नाही. मधेच बाहेर पडून अर्धी डिग्री घेता येत नाही, आणि बीए झालंय म्हणून मधल्या वर्षात डायरेक्ट ॲडमिशन पण घेता येत नाही. काही विद्यापीठांत पूर्वी तीन वर्षांनी पहिली डिग्री हातात यायची, त्यामुळे घरातले मोठे लोक "मिळते की" म्हणतात, ते त्यांच्या काळाचं बरोबर आहे. तुमच्या वर्षीचा नियम विद्यापीठाकडून लेखी घ्या.

१३. यूजीसीने दोन डिग्र्या एकदम करायला परवानगी दिली ना? मग सोबत एम.ए. किंवा दुसरं बी.ए. करू का?

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये परवानगी दिली हे खरंय, पण बार कौन्सिलचा स्वतःचा नियम दोन रेग्युलर कोर्स एकदम करायला मनाई करतो, आणि वकिलीची सनद बार कौन्सिल देणार आहे, यूजीसी नाही. भाषेचा, कॉम्प्युटरचा छोटा सर्टिफिकेट कोर्स चालतो. एम.ए. तर तुमची बी.ए. पूर्ण झाल्याशिवाय होतच नाही, आणि ती पाच वर्षांनी होते. सनदीला धोका होईल असं काही करू नका.

१४. ऑनर्स म्हणजे काय, घ्यावं का?

एका ठरावीक शाखेचे आठ जास्तीचे पेपर, उदाहरणार्थ संविधान किंवा फौजदारी. पुढे एलएल.एम. करायचं असेल तर चांगलं. सनदेला काही फरक पडत नाही.

१५. पाच वर्षं झाली की लगेच काळा कोट?

आधी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी. फीचं म्हणाल तर जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्यात लिहिलेल्यापेक्षा जास्त नोंदणी फी घ्यायची नाही, म्हणजे ओपनला ७५० आणि एससी-एसटीला १२५ रुपये. त्याच्या आधी मुलांना यासाठी हजारो रुपये उभे करावे लागायचे, गरिबाघरच्या पोरांसाठी तो निकाल फार मोठा आहे. मग ऑल इंडिया बार परीक्षा, १०० प्रश्न, कायद्याची नुसती कलमांची, टिपणं नसलेली पुस्तकं सोबत नेता येतात, मराठीतूनही देता येते, ओपन-ओबीसीला ४५ टक्के आणि एससी-एसटीला ४० टक्क्यांना पास. शेवटच्या सेमिस्टरला असताना पण देता येते, तेव्हाच देऊन टाका, तेव्हा अभ्यास ताजा असतो.

१६. मला डायरेक्ट जज व्हायचंय. पास झाल्या झाल्या जेएमएफसीची परीक्षा देता येते ना?

जेएमएफसी म्हणजे कनिष्ठ कोर्टातला न्यायदंडाधिकारी. पूर्वी ठरावीक टक्के असतील तर ही परीक्षा लगेच देता यायची. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत आणली. ही तीन वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, बार परीक्षेच्या निकालापासून नाही, म्हणून नोंदणीला एक महिनाही उशीर करू नका. मला स्वतःला हा निर्णय पटतो, ज्याने कधी पक्षकाराला तारखेसाठी ताटकळताना बघितलं नाही त्याने थेट खुर्चीत बसू नये. पण ज्या मुली घरच्यांना "दोन वर्षांत जज होते" सांगून लग्न थांबवून बसल्या होत्या त्यांचं काय झालं असेल हे मला माहितीये, मला त्यांचे मेसेज आलेत. त्या मुलींना एवढंच सांगते, जिल्हा कोर्टात चांगल्या सिनियरकडे जा, ही तीन वर्षं त्याच परीक्षेच्या अभ्यासाची आहेत.

१७. वकिलीच करायची नसेल तर?

तरी चालेल. यूपीएससी-एमपीएससीसाठी हा कोर्स चांगला, राज्यघटना आणि राज्यव्यवस्था आधीच झालेली असते, यूपीएससीला लॉ हा ऑप्शनल पण घेता येतो, ५०० मार्कांचा. पत्रकारिता, एनजीओ, कंपनीची लीगल टीम, भाषांतर, पुढे एलएल.एम. आणि नेट (प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा) करून शिकवणं. राज्यशास्त्रात किंवा समाजशास्त्रात एम.ए. पण करता येतं. फक्त पगारी पूर्ण वेळ नोकरी आणि वकिली एकदम करता येत नाही.

१८. आम्ही सिंधुदुर्गातले, पणजी जवळ पडतं. गोव्यात शिकलं तर काही वेगळं?

ॲडमिशनची प्रक्रिया वेगळी, महाराष्ट्राच्या सीईटीवर तिथलं कॉलेज मिळत नाही. सनद मात्र त्याच बार कौन्सिलची. अभ्यासात एक सुंदर गोष्ट आहे, गोव्यात घरगुती बाबतीत अजून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा चालतो, धर्म कोणताही असो, आणि लग्नात वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे दोघांची सामाईक धरतात. प्रश्न १० मधल्या मावशींची गोष्ट डोक्यात ठेवून हे वाचा.

१९. माझं लग्न झालंय, वय ३४, मुलगी तिसरीत. बारावीला ५२ टक्के होते. आता पाच वर्षांचा कोर्स करू शकते का?

हो. सीईटीला सध्या वयाची वरची अट नाही आणि टक्के पुरेसे आहेत. बीए झालं असेल तर तीन वर्षांचा बघा, नसेल तर हाच. हजेरीचं गणित (प्रश्न ९) आणि मुलीच्या शाळेची वेळ एकत्र कागदावर मांडा, घराजवळचं सकाळचं कॉलेज शोधा आणि फी माफी बसते का ते बघा (प्रश्न ८). आमच्या वर्गात अशा दोघी होत्या. समाजशास्त्राच्या तासाला कुटुंब हा विषय निघाला की सर आधी त्यांना बोलायला सांगायचे आणि आम्ही अठरा वर्षांच्या पोरी गपचूप नोट्स काढायचो.